रस्ता मोकळा, काट्यावर रांग

[लासलगाव बाजार समिती. सकाळ. कांद्याचे ट्रॅक्टर.]

भाव पुकारून झाला. आता हा ट्रॅक्टर भुईकाट्यावर जाणार, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. पुढचा रस्ता मोकळा आहे. ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नाही, काट्यावर रांग आहे. 

[नाशिक, गंगापूर रोड. तिसरा मजला. स्क्रीनवर लाल ओळी.]

बाजारभाव दाखवणारं अ‍ॅप इथं बनतं. सर्व्हर नोड-जेएसवर, म्हणजे जावास्क्रिप्टमधला कोड सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रणालीवर. तिथून बाहेरच्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट, म्हणजे माहितीची मागणी, जाते. रोज लिलावाच्या तोंडावर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, एकच ओरड: टाइमआउट, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. दुपारनंतर सगळं शांत. संशय अर्थातच नेटवर्कवर. इंटरनेटवाल्याला फोन झाले, होस्टिंगवाल्याला झाले. मग नेहमीचा उतारा: मर्यादा ५ सेकंदांवरून १०, दहावरून ३०. एरर घटले, शेतकऱ्याच्या मोबाइलवरचं चक्र मात्र जास्तच वेळ फिरू लागलं.

[टर्मिनल, अगदी जवळून.]

त्याच सर्व्हरवरून, त्याच पत्त्यावर, कर्ल, म्हणजे टर्मिनलमधून थेट रिक्वेस्ट पाठवणारी कमांड. एंटर दाबलं की उत्तर हजर. म्हणजे दोष नेटवर्कचा नाही.

मग झालं ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. रिक्वेस्टचे टप्पे पाडून प्रत्येकाची वेळ नोंदवली. सॉकेट, म्हणजे जोडणीचं आपल्याकडचं टोक, सांगतंच ना: लुकअप झालं, कनेक्ट झालं, टीएलएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, झालं. ही ओळ बघा. कनेक्टला काही मिलिसेकंद. लुकअपला, म्हणजे नावावरून आयपी, सर्व्हरचा आकडी पत्ता, शोधायला, सेकंदांमागून सेकंद.

नोड एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालतं असं म्हणतात; हे अर्धंच खरं. आत लिबयूव्ही या लायब्ररीचा थ्रेडपूल, म्हणजे मदतीच्या थ्रेडचा ताफा, असतो, न सांगता मिळणारे थ्रेड फक्त ४. फाइल वाचणं तिथं, कॉम्प्रेशन तिथं, पासवर्डचं हॅशिंग, म्हणजे तो ओळखू न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलणं, तिथं. आणि नोडचं नेहमीचं डीएनएस लुकअप, तेच नावावरून आयपी शोधणं, तेही तिथंच! सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात, चारही थ्रेड हॅशिंगला जुंपले जातात. लुकअप रांगेत उभं. रिक्वेस्ट सर्व्हरबाहेर पडलेलीच नसते, टाइमआउटचं घड्याळ मात्र कधीच सुरू झालेलं.

[पुन्हा भुईकाटा. ड्रायव्हर खाली उतरून उभा.]

थ्रेडपूल वाढवला. कीप-अलाइव्ह चालू केलं, म्हणजे जुनंच कनेक्शन पुन्हा वापरायचं, दर वेळी लुकअप नको. नोड १९ पासून ते आपोआप चालू असतं, इथं १८ होतं. त्या आठवड्यांत किती जणांनी भाव न बघताच ट्रॅक्टर भरला, त्याची नोंद नाही.

[स्क्रीन. कोडमधली एक ओळ बदलते.]

मर्यादा पुन्हा ५ सेकंदांवर.