आधी काय होतं यात?

(दृश्य: कुर्ला. रस्त्याच्या कडेला एकावर एक रचलेली निळी, काळी, गंजकी पिंपं.)

मुंबईत पिंप कधी वाया जात नाही. कारखान्यातून निघतं, भंगारवाल्याकडे येतं, धुतलं जातं. हातोडीने पोचे काढले जातात, वरून रंगाचा एक हात फिरतो आणि ते पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहतं. पाण्याला, डांबराला, नाहीतर मांडवाच्या खांबाला आधार म्हणून.

(दृश्य: दुकान. एक बाई पिंपावर टिचकी मारून बघतायत.)

"मावशी, ते नको. थिनर होतं त्यात. पाण्याला पलीकडचं घ्या, खाद्यतेलाचं आहे."

"अरे, दोन्ही तर सारखीच रंगवलीयत. ओळखायचं कसं?"

दुकानदार बूच फिरवून काढतो आणि म्हणतो, "वास घ्या."

मावशी वाकतात आणि झटकन मागे होतात. धुऊन, सुकवून, रंगवूनही वास आतच आहे. पत्र्याच्या कडा जिथे दुमडलेल्या असतात, त्या फटीत थोडा माल कायम राहून जातो. म्हणून तर सॉल्व्हंटचं रिकामं पिंप गॅस कटरने कापताना स्फोट होतात.

हा फिल्मचा विषय आहे: जुनं धातूचं पिंप आणि त्यात काही आंबवायची इच्छा.

ही इच्छा जगभर आहे. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने तो रस्ता खुला झाला. तिथले हौशी लोक जुना स्टीलचा केग, म्हणजे बिअर भरून पाठवायचं बंद पिंप घेतात, साधारण 58 लिटरचं, आणि त्याचं डोकं कापून उकळायचं पातेलं करतात.

आपल्याकडे तसं नाही. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू गाळणं, बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. परवाना घेऊन चालणाऱ्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरचे छोटे कारखाने, मुंबईत आहेत. घरांमध्ये काँबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या बरण्या दिसतात, तिखट आल्याचं सरबत फसफसवणारे आहेत. हौस वाढली की बरणी पुरत नाही आणि माणूस भंगार बाजारात स्वस्त पिंप शोधायला निघतो. त्याला वाटेत गाठून चार गोष्टी सांगाव्यात, एवढ्यासाठी ही धडपड.

(दृश्य: पत्र्याच्या पिंपाचा तळ, गंजाचे पापुद्रे.)

200 लिटरचं हे लोखंडी पिंप. त्याच्या घडणीचं पेटंट 1905 सालचं, अमेरिकेतलं. ज्या कारखान्याने ते बनवलं तो चालवत होती नेली ब्लाय. होय, 72 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केलेली तीच पत्रकार! पिंप झालं ते तेलासाठी. आंबट पदार्थ त्यात राहावा असं कुणाच्या मनात नव्हतं.

आंबट आणि धातू यांचं वैर आपल्या घरांना नवं नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे सांगायला कुणाच्या आजीला शाळेत जावं लागलं नाही. लोणचं चिनीमातीच्या बरणीतच राहिलं ते याच कारणाने. बिअर आंबट असते, काँबुचा त्याहून कितीतरी जास्त. उघड्या लोखंडात ठेवलं तर लोखंड त्यात उतरतं आणि तोंडात रक्तासारखी चव येते. जस्ताचा मुलामा असलेलं पिंप त्याहून वाईट, कारण आंबटात जस्त भराभर विरघळतं आणि उलट्या होतात.

या शहराने हे सगळं पोटात घेतलेलं आहे. 1950 नंतरच्या दारूबंदीत धारावीच्या खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ, नवसागर आणि पाणी असं रसायन मिळेल त्या पिंपात सडायला टाकायचे. कल्हईवाला भांड्याचा धातू खरवडून साफ करायला जो नवसागर लावतो, तोच हा. त्या पिंपाच्या पत्र्याचं काय होत असेल, विचार करा. आणि 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलने. मिथेनॉल हे कारखान्याचं रसायन. त्या घरांतली कमावती माणसं गेली. पेयात कारखान्याचा माल शिरला की काय होतं, ते मुंबईला वेगळं शिकवायला नको.

(दृश्य: स्टीलचा केग. हात त्याच्या तोंडावरून फिरतो.)

मग उरतं स्टेनलेस स्टील. त्यातलं 304, म्हणजे शेकडा 18 क्रोमियम, 8 निकेल. क्रोमियमची हवेशी गाठ पडली की डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तोच खालच्या लोखंडाला सांभाळतो.

बाजारात लोहचुंबक लावून दाखवतात: "बघा साहेब, चिकटत नाही, ओरिजिनल आहे." यावर जाऊ नका. कमी निकेलचं 202 सुद्धा चुंबकाला चिकटत नाही आणि ते आंबटापुढे लवकर हार मानतं. जाणते व्यापारी पत्र्यावर परीक्षेच्या रसायनाचा थेंब टाकून रंग बघतात. तो थेंब तुमच्यासमोर टाकायला सांगा.

केगवर कंपनीचं नाव कोरलेलं असेल तर आधी विचारा, हा इथे आला कसा? केग बहुधा ब्रुअरीच्या मालकीचा असतो. रिकामा झाला म्हणून तो विकाऊ होत नाही. आणि हातात आल्यावर लगेच उघडायला जाऊ नका. आत दाब असतो. तोंडाकडे चेहरा न नेता झडप दाबून गॅस पूर्ण जाऊ द्यायचा, मगच मधली नळी सोडवायची. ही घाई जिवावर बेतते.

धुताना ब्लीचिंग पावडर अजिबात नको. क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांत जंतू घर करतात. गरम पाणी, धुण्याचा सोडा, मऊ ब्रश. तारेची घासणी नको, तिचे लोखंडी कण पृष्ठभागावर अडकून गंजतात. मग किराण्यात मिळणारं लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पाण्यात 4 ते 10 टक्के घेऊन निदान 20 मिनिटं आत ठेवायचं. सुटं लोखंड निघून जातं, थर पुन्हा धरतो. वेल्डिंग केलं असेल तर सांध्याजवळचा निळसर-तपकिरी डाग आधी घासून काढावा लागतो, कारण तिथलं क्रोमियम जळालेलं असतं.

शेवटी स्वच्छ पाण्याने ओलं करून रात्रभर उघडं ठेवायचं. सकाळी टॉर्च घेऊन आत बघा. नारिंगी ठिपका दिसला तर लिंबाच्या फुलाचा आणखी एक हात द्या. त्याच जागी ठिपका परत आला, तर ते पिंप खाण्यापिण्याचं नाही. गच्चीवरच्या कढीपत्त्याला द्या.