पिवळा माका आणि माईंच्या अंगणातलं पोतं

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय पिवळ्या माक्याबद्दल. साधा माका तुम्हाला मी सांगायला नको. तेलाचा माका, शेताच्या मेरेवर, पाटाच्या काठाला, परसातल्या मोरीच्या पाण्यावर वाढणारा, बारीक पांढऱ्या फुलाचा. पिवळा माका त्याचाच नातेवाईक म्हणून ओळखला जातो. फूल पिवळंजर्द. रोप बहुवर्षायू, म्हणजे एकदा रुजलं की वर्षानुवर्षं जमिनीलगत सरपटत राहतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. आणि हल्ली ह्याच्यासारखंच दिसणारं एक तिसरं झाड गोवाभर झालंय. हॉटेलांच्या हिरवळीत, रस्त्याच्या दुभाजकावर, कुंपणाच्या पायथ्याशी. गल्लत होते ती ह्या तिसऱ्यामुळे.

ही सगळी मंडळी सूर्यफुलाच्या कुळातली. शेवंती, झेंडू, दगडी पाला, रानमोडी, सगळी त्यातच. जगभरात 25,000 पेक्षा जास्त जाती असलेलं हे कूळ. त्याची खूण एकच, आणि ती डोळ्यांनी दिसते. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतं. कडेची जी पाकळी वाटते, ते एक अख्खं फूल. मधल्या चकतीतला एकेक ठिपका, तेही एक अख्खं फूल. शास्त्रात कडेच्यांना किरणपुष्पं म्हणतात, मधल्यांना बिंबपुष्पं आणि सगळ्या गुच्छाला स्तबक. पुन्हा सांगतो, कारण इथेच घोटाळा होतो: पाकळी दिसते ती पाकळी नाही, ते फूल आहे. नखाने एक उपटून बघा. तळाशी छोटंसं हिरवट बीज लागलेलं असतं. पाकळीला कधी बीज लागतं का?

एवढं लक्षात ठेवा. आता गोव्यातल्या माशेल गावची गोष्ट सांगतो.

माशेलला माझ्या एका मित्राच्या आत्याबाई राहतात. सगळा वाडा त्यांना माई म्हणतो. माईंच्या हातचं माक्याचं तेल म्हणजे तेल. विकत देत नाहीत. पण वाड्यावरची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली की तिच्यासाठी एक बाटली माईंकडून जाणारच. पूर्वी घरामागच्या शेतात हवा तेवढा माका मिळायचा. मग शेत पडीक पडलं, झुडपं माजली, माका कमी झाला. भाचा वास्कोला नोकरीला. तो म्हणाला, "माई, काळजी करू नका, मी आणतो." पहिला पाऊस पडून आठवडा झाला असेल, आणि पठ्ठ्या स्कूटरच्या पुढ्यात गच्च भरलेलं पोतं घेऊन हजर. पोत्याच्या तोंडातून पिवळी फुलं डोकावतायत.

आम्ही सोप्यावर चहा पीत होतो. मी आणि शेजारचे नाना. माईंनी पोत्यातली एक फांदी ओढली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "हो माको न्हय रे बाबा."

भाचा म्हणतो, "माई, पिवळा माका आहे हा. फोनवर फोटो काढून विचारलंय मी."

आता फोनबद्दल मला राग नाही. पण फोन पान चुरडून बघत नाही, बोंड फोडून बघत नाही, वास तर घेतच नाही. समोर पिवळं दिसलं की पिवळ्यांतलं एक नाव सांगून मोकळा होतो. आणि आजकाल मुलं झाडापुढे वाकतात ती फोटोपुरती. असो.

नानांनी भाच्याची बाजू घेतली. "पिवळा माका असतो, माई. आमच्या आजोबांच्या औषधांत होता." माई उठल्या. परसात गेल्या आणि उरलंसुरलं पांढऱ्या माक्याचं एक रोपटं घेऊन आल्या. त्याची पानं डाव्या तळहातावर चुरडली, चांगली चोळली. पोत्यातली पानं उजव्या तळहातावर. मग दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून गप्प बसल्या. आम्ही बघतोय. थोड्या वेळाने डाव्या हातावरचा रस काळवंडत गेला, रेषांमधून शाईसारखा काळा. उजवा हात हिरवा तो हिरवाच. दोन्ही हात नानांच्या तोंडासमोर धरून माई म्हणाल्या, "आता बोला."

श्रोतेहो, पांढऱ्या माक्याची ही परीक्षा अगदी खरी. चुरडलेलं पान काळं पडतं. पान काळं पडतं, हे ध्यानात ठेवा.

पण नाना हटायला तयार नाहीत. म्हणाले, "हे पांढऱ्याचं झालं. पिवळ्याचं काय? थांबा." चपला घालून निघाले ते थेट आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, आणि पाटाकाठची एक वेल उपटून घेऊन आले. चिखलासकट. त्यालाही पिवळं फूल.

मी दोन्ही फुलं चहाच्या बशीत शेजारी शेजारी ठेवली. आता सांगा, कुठलं पोत्यातलं आणि कुठलं नानांचं? नानांनासुद्धा सांगता येईना. तोच रंग, लांब देठावर एकेकटं फूल, तीच दातेरी टोकांची किरणपुष्पं. मी म्हटलं, फुलाकडे बघूच नका, पानं बघा. नानांच्या वेलीचं पान लांबट, अरुंद, कडा जवळजवळ सरळ. पोत्यातलं पान रुंद, जाडसर, चकचकीत, आणि मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक खांदा फुटलेला, म्हणजे एका पानाला तीन टोकं. नानांचा तो आपला पिवळा माका, आशियातला. पोत्यातला तो तीन टोकांचा, मूळचा मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेकडचा. बागेची शोभा म्हणून आणला, आणि बागेत राहिला नाही.

माईंना नातं कळल्याशिवाय चैन पडेना. "म्हणजे ह्या दोन पिवळ्या बहिणी? मग आमचा पांढरा कोण?"

मी सांगितलं: 1753 साली लिनियस ह्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आपला पांढरा माका आणि आपला पिवळा माका एकाच प्रजातीत घातले होते, व्हर्बेसिना नावाच्या. मग 1771 मध्ये त्यानेच पांढऱ्याला बाहेर काढून एक्लिप्टा केलं. तीन टोकांच्या अमेरिकनाला 1759 मध्ये तिसऱ्याच घरात, सिल्फियममध्ये बसवलं होतं. पुढे दोन्ही पिवळे बरीच वर्षं वेडेलिया म्हणून नांदले. जुन्या पुस्तकांत तुम्हाला तेच नाव सापडेल. शेवटी 1996 मध्ये जॉन प्रुस्की ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन्ही पिवळ्यांना स्फॅग्नेटिकोला प्रजातीत एकत्र आणलं.

माई म्हणाल्या, "म्हणजे मी तळहातावर केलं, ते करायला ह्यांना अडीचशे वर्षं लागली?"

ह्यावर नाना इतके हसले की चहा सांडला.

भाच्याने शेवटचा डाव टाकला. "सगळे एकाच कुळातले ना? मग तेलात चालेल." मी म्हटलं, "बाळा, गाजर गवतसुद्धा ह्याच कुळातलं. अंगाला लागलं तर कित्येकांना पुरळ उठतं. घालूया तेलात?" विषय संपला. माईंनी पोतं न्यायला सांगितलं, आणि भाच्याने ते नेऊन परसाच्या टोकाला, नारळाच्या आळ्यापलीकडे उपडं केलं. झालं काम म्हणाला.

कसलं झालं. गणेश चवथीला मी गेलो तर परसाचं ते टोक पिवळंधमक. फेकलेल्या फांदीच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटली होती. गालिचा नुसता. भाचा म्हणाला, "माई, माटोळीला बांधूया का थोडी?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवतात ती चौकट. माईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो सरळ कोयता आणायला गेला. कोयता नको, म्हटलं मी, कोयत्याने आणखी तुकडे होतील. हाताने उपट, मुळासकट. दर आठवड्याला उपटत होता बिचारा, दिवाळीपर्यंत.

हसण्यावारी नेऊ नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली, त्यात हे तीन टोकांचं पान आहे. आपली रानमोडीही त्याच यादीत आहे. आणि तरी नवा बंगला उठला की कुंपणाला हेच लावायचं. का, तर पाणी नको, माळी नको. आपल्याकडे जास्वंद, अबोली काय कमी होत्या?

नानांच्या आजोबांच्या औषधांवरून एक आठवलं. मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा जो मोठा ग्रंथ डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने 1678 पासून छापवून घेतला, त्याच्या कामात कोचीचे तीन कोकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं 1675 सालचं प्रमाणपत्र त्या ग्रंथात नागरी लिपीत छापलंय, कोकणीत. गार्सिया द ओर्ता ह्या जुन्या पोर्तुगीज वैद्याचं नाव पणजीच्या बागेला आहे, ते योग्यच आहे. पण ही तीन नावं आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत?

वेळ होत आली. तर पुन्हा एकदा, पटकन. फूल पांढरं, पान चुरडल्यावर काळं: तो माका. फूल पिवळं, पान लांबट आणि अरुंद: तो आपला पिवळा माका, पाणथळ जागी शोधा, मिळाला तर राहू द्या. फूल पिवळं, पानाला तीन टोकं: तो पाहुणा. परसात आला असेल तर आत्ता पावसात माती मऊ आहे तोवर मुळासकट काढा. काढलेलं ओहोळात किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकू नका. पत्र्यावर पसरून कडकडीत वाळू द्या, मातीला टेकू देऊ नका. मग जाळा.

पुढच्या वेळी रानमोडीबद्दल बोलू. नमस्कार.