दंड सुजतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. व्यायामाची सवय नसलेला माणूस उत्साहाने जिममध्ये जातो, पहिल्याच दिवशी दंडांचा भरपूर व्यायाम करतो आणि दुसऱ्या दिवशी केस विंचरताना त्याचा हात वर जात नाही. अशा वेळी ‘लॅक्टिक ॲसिड साचले’ असे सांगणारा कोणीतरी हमखास भेटतो. ते खरे नाही. जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारे हे आम्ल व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ओसरते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवते.

अशा दुखण्यामागे स्नायूंतील सूक्ष्म इजा असावी, असे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडले होते. वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली आणताना, म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो तेव्हा, ही इजा अधिक होते; डोंगर उतरल्यावर मांड्या आंबतात त्या यामुळेच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ताकद, दुखणे आणि सूज यांचे वेळापत्रक एक नसते. ताकद व्यायामानंतर लगेच घटते, आणि प्रयोगशाळेत नवख्यांकडून असा व्यायाम पूर्ण जोराने करून घेतल्यास ती कधीकधी निम्म्यावर येते व पूर्ववत व्हायला आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. सूज चौथ्या-पाचव्या दिवशी, दुखणे उतरणीला लागल्यावर, सर्वाधिक असू शकते. त्या दिवशी टेप लावून ‘दंड भरला’ म्हणणाऱ्याने बहुधा पाणीच मोजलेले असते. दुखायचे थांबले म्हणून ताकद परत आली, हा समजही तितकाच फसवा. वजन वाढवण्याची घाई नेमकी तेव्हाच होते.

दिलासा असा, की तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केल्यास दुखणे, सूज आणि ताकदीतील घट तिन्ही बरीच कमी होतात, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. ते मिळवण्यासाठी पहिल्याच दिवशी अंग मोडून घ्यावे लागत नाही. हलक्या वजनाने केलेली सुरुवातही काही प्रमाणात उपयोगी पडते.

मात्र व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, किंवा दुखणे आणि सूज असह्य झाली, तर स्नायूंतील प्रथिने रक्तात उतरून मूत्रपिंडांना अपाय होण्याचा धोका असतो. तेव्हा घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.