स्टुलावर बसलेलं माणूस

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकला राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक काम आपोआप येतं. पेठ, सुरगाणा, कळवण, चांदवड, कुठलं का गाव असेना, तिथलं कुणी आजारी पडलं आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘नाशिकला हलवा’ म्हटलं, की आपला फोन वाजतो. मग त्र्यंबक रोडचं सिव्हिल असो, शालिमारचं संदर्भ रुग्णालय असो, नाशिकरोडचं बिटको असो की मुंबई नाक्याजवळचं एखादं खासगी हॉस्पिटल, संध्याकाळी शहाळी घेऊन आपण हजर. माझी सगळी नोकरी वॉर्डात सिस्टर म्हणून गेली. त्यामुळे बघायला येणाऱ्या मंडळींबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत. ती आज ऐकून घ्या.

बघायला जायची एवढी घाई नसते. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी तर नकोच. भूल उतरत असते, घशाला कोरड पडलेली असते, लघवीची पिशवी कॉटला लटकत असते आणि अंगात पाठीमागे नाड्या असलेला तो गाऊन. अशा अवतारात चुलतसासरे समोर येऊन उभे राहावेत, असं कुठल्या सुनेला वाटेल? दोन दिवस थांबा, घरच्यांना फोन करा, ‘येऊ का’ विचारा. तुम्हालाच खोकला किंवा ताप असेल तर चौकशी फोनवरच बरी. लहान पोरांनाही नेऊ नका; वॉचमनशी हुज्जत घालून आत नेण्यात काही मर्दुमकी नाही.

आत गेल्यावर आधी हात. दाराशी सॅनिटायझरची बाटली असते. ते वीस ते तीस सेकंद, सुकेपर्यंत चोळायचं असतं, नुसतं शिंपडायचं नसतं. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तिथल्या बऱ्याच डॉक्टरांना तेव्हा ते पटलं नव्हतं. आपल्याला आज न पटायला काही कारण नाही.

मग गप्पा. ‘नेमकं झालं तरी काय हो?’ हा प्रश्न पेशंटने सकाळपासून आठ जणांना उत्तर देऊन संपवलेला असतो. नववे तुम्ही. त्यावर कुणीतरी म्हणणारच, ‘आमच्या आतेभावाला अगदी असंच झालं होतं. सहा महिने अंथरुणात होता बिचारा.’ माझ्या वॉर्डात एका आजोबांनी अशा पाहुण्याला हात जोडून विचारलं होतं, ‘आणि मग गेला का?’ सगळा वॉर्ड हसला. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ते स्वतः मात्र पोटावर उशी दाबून बसले.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण जीव त्यात अडकतो. द्राक्षांचा हंगाम लागला की इथे कॉटखाली द्राक्षांच्या पिशव्या जमतात. शुगरवाल्याला त्यातली किती चालतील, हे सिस्टरला विचारा. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी कामाला लागेपर्यंत पाण्याचा घोटही सांगितल्याशिवाय द्यायचा नसतो. डॉक्टर राउंडला ‘गॅस पास झाला का?’ विचारतात ते उगाच नाही. आणि शहाळं! डायलिसिसवरच्या माणसाला शहाळ्याचं पाणी धोक्याचं आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. केळी, संत्री यांचंही तेच. रामकुंडाचं तीर्थ असेल तर उशाशी ठेवा, पाजू नका. अंगारा लावायला कुणाची ना नाही, पण ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती किंवा निरांजन अजिबात नको.

आता ज्याच्यासाठी मी मुळात बोलायला बसले, त्याच्याबद्दल. पेशंटला हॉस्पिटलात काय हवं-नको ते बघायला आम्ही असतो. त्याच्या कॉटशेजारी स्टुलावर बसलेलं जे माणूस असतं, त्याला विचारणारं कुणी नसतं. समजा सुरगाण्याहून आलेली एखादी बाई आहे, नवरा ॲडमिट. रात्री दोन कॉटच्या मधे चादर टाकून आडवी झालेली, पहाटे झाडू आला म्हणून उठलेली. नवऱ्याचा सलाईनचा हात हलू नये म्हणून ती मनगट धरून बसते. चहा घ्यायला खाली जात नाही, कारण तेवढ्यात राउंड आला तर? संडासला जाणंसुद्धा ती पुढे ढकलते. अन् आपण येतो, पेशंटशी बोलतो, तिला वर विचारतो, ‘वहिनी, तुम्ही काही खात नाही वाटतं?’ आणि निघतो.

त्यापेक्षा म्हणा, ‘वहिनी, मी इथे दोन तास बसतो. तुम्ही आमच्या घरी जा, अंघोळ करा, गरम जेवा, झोप लागली तर झोपा. काही वाटलं तर फोन करतो.’ ती आधी नाहीच म्हणेल. दुसऱ्यांदा म्हणा. रिक्षात बसवूनच द्या. जाण्याआधी तिच्याकडून गोळ्यांच्या वेळा समजून घ्या, सिस्टरला सांगा की आता पेशंटजवळ मी आहे. डबा नेणार असाल तर दोघांचा न्या. तिच्या डब्यात ठेचा असला तरी चालेल, पथ्य नवऱ्याला आहे.

कागदांचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, आणि योजनेतल्या हॉस्पिटलात त्याच्या कागदपत्रांना मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. पण रेशनकार्ड गावी, आधारची झेरॉक्स नाही, अर्जावर काय लिहायचं ठाऊक नाही, म्हणून बाई नुसती खिडकीसमोर उभी. तुम्ही शहरातले, चार ऑफिसं फिरलेले. तिच्यासोबत त्या खिडकीशी जा. रेशनकार्डाचा फोटो गावाहून मोबाईलवर मागवून घ्या, आणि मूळ कार्ड कुणाबरोबर येईल तेही ठरवा. रक्ताची चिठ्ठी हातात पडली की नवख्या माणसाचे पाय लटपटतात. तुम्ही अठरा ते पासष्टमधले, धडधाकट, वजन पंचेचाळीस किलोच्या वर, आणि पुरुष असाल तर मागचं रक्तदान होऊन तीन महिने, बाई असाल तर चार महिने झालेले असतील, तर ब्लड बँकेत स्वतःच जाऊन बसा.

राहिला डिस्चार्जचा दिवस. ॲडमिट असताना रांग लावणारी माणसं त्या दिवशी गायब. खरी ओढाताण तेव्हाच असते: बिल, औषधं, टाके कधी काढायचे, परत कधी दाखवायचं, आणि टाक्यांच्या पोटाने एसटीतून घाटाचा प्रवास. त्या दिवशी तुमची चारचाकी मोकळी असेल तर गावापर्यंत सोडून या. नसेल तर एसटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, लवकर जाऊन पुढची सीट धरा, पाठीला लावायला एक उशी द्या. आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या, कारण पुढच्या तारखेला मूळ कार्ड हमखास घरी राहतं.