शेफच्या टेबलावर बसावं का?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा अलास्काच्या क्रूझला निघालेत, सिअ‍ॅटलहून, सात रात्री. तिकिटं झाली, गरम कपडे झाले आणि आता गाडी एका ठिकाणी अडली होती. जहाजाच्या अ‍ॅपवर तिला 'शेफ्स टेबल' नावाचं खास जेवण दिसलं. माणशी शंभर डॉलरच्या वर. म्हणाली, "मावशी, तू जाऊन आलीस ना त्या जेवणाला? खरं सांग, पैसे वसूल होतात का?"

फोनवर पाच मिनिटांत सांगून होणारी ही गोष्ट नव्हती. मी दादरला सत्तावीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. दुसऱ्यानं रांधलेलं ताट समोर आलं, की त्यात माल किती, मेहनत किती आणि मांडणी किती, हे माझे हात आपोआप मोजतात. हल्ली आपल्याकडची पुष्कळ मंडळी सिंगापूरहून, बार्सिलोनाहून, मायामीहून क्रूझला जातात. मुलं परदेशात असतात, ती आईवडिलांना घेऊन जातात. म्हणून म्हटलं, भाचीला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगावं.

आधी हे जेवण म्हणजे काय ते बघू. क्रूझच्या तिकिटात तुमचं रोजचं जेवण आलेलंच असतं. मोठ्या डायनिंग रूममध्ये बसून तीन-चार पदार्थांचं जेवण, वर बुफे. त्याशिवाय वेगळे पैसे मोजून खाण्याची हॉटेलं असतात. आणि त्यातलं सगळ्यात महाग बहुतेक वेळा हे शेफ्स टेबल. साधारण दहा-बारा पाहुणे, एकच टेबल, आधी भटारखान्यात एक फेरी, मग पाच किंवा जास्त पदार्थ आणि प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन. पाहुणचार करतो तो जहाजाचा मुख्य शेफ. जहाजावर हजारो प्रवासी असतात आणि हे टेबल काही मोजक्याच संध्याकाळी मांडतात, त्यामुळे जागा पटापट भरतात. मग घाई होते आणि घाईत माणूस विचारायचं ते विचारत नाही. आमचं तेच झालं.

समुद्रावर जादा पैशांचं जेवण ही काही आजची गोष्ट नाही. १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन आगबोटीवर प्रसिद्ध हॉटेलवाला सेझार रिट्झ याच्या नावाचं वेगळं रेस्टॉरंट निघालं. १९१२ च्या टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या लोकांसाठी असं एक रेस्टॉरंट होतं. लुईजी गात्ती नावाचा इटालियन माणूस ते चालवायचा. त्या रात्री तो आणि त्याचे बहुतेक सगळे आचारी-वेटर बुडाले. पण त्या काळची एक रीत मला फार रास्त वाटते. जो प्रवासी सगळ्या प्रवासात गात्तीकडेच जेवायचं ठरवून तिकीट काढायचा, त्याला तिकिटात सूट मिळायची. बोटीचं जेवण घेत नाही ना, मग त्याचे पैसे कमी. आज तसं नाही. तुम्ही शेफच्या टेबलावर बसलात तरी डायनिंग रूमच्या त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे तुम्ही तिकिटात भरलेलेच असतात. म्हणजे शंभर डॉलर हे जेवणाचे नसतात, ते त्या जेवणाच्या वरचे असतात. हा हिशोब पहिल्यांदा डोक्यात पक्का करा.

आम्ही गेलो ते २०२४ च्या जूनमध्ये. माणशी ११५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेनऊ हजार रुपये. दोघांचे एकोणीस हजार, आणि कार्डावर बँकेनं परकीय चलनाचा आकार लावला तो वेगळा. माझे यजमान पूर्ण शाकाहारी. मी मासे खाते, चिकन खाते, बीफ नाही. वाइन दोघंही घेत नाही. बुकिंग करताना हे सगळं लिहून दिलं होतं.

संध्याकाळी साडेसहाला आम्हा बाराजणांना पांढरे कोट घालायला दिले, हात धुवायला लावले आणि भटारखान्यात नेलं. श्रोतेहो, त्या अर्ध्या तासासाठी मी आजही पैसे मोजीन. इकडून तिकडं नुसतं स्टील. भिंती स्टीलच्या, छत स्टीलचं. शेगड्यांना कडेनं दांडे लावलेले, जहाज डुललं तरी पातेलं घसरू नये म्हणून. आणि आग कुठंच नाही. सगळं विजेवर. जहाजावर आगीसारखा शत्रू नाही, म्हणून तिथं गॅसची ज्योत नसते. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो फुलक्याचा. विचारलं, तर शेफ म्हणाला, सपाट तव्यावर भाजतो, शंभर-दीडशे एका वेळी, फुगवायचा नाद आम्ही सोडलाय. मला ते उत्तर आवडलं. जे जमत नाही ते जमत नाही असं सांगणारा आचारी खरा.

कापायच्या पाट्या रंगांच्या. भाजीला हिरवी, कच्च्या मांसाला लाल, माशाला निळी, कोंबडीला पिवळी. बादल्यासुद्धा रंगांच्या, धुवायची वेगळी, विसळायची वेगळी, जंतुनाशकाची वेगळी. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांवर तिथलं आरोग्य खातं न सांगता येऊन तपासणी करतं आणि शंभरपैकी गुण देतं. पंच्याऐंशी पडले तरी नापास, निदान शहाऐंशी लागतात. आमच्या केंद्रात महापालिकेचा माणूस यायचा तेव्हा माझ्या पोटात कसा गोळा यायचा ते मला आठवलं. पण ही माणसं रोज असंच काम करतात, तपासणी असो नसो.

त्याच वेळी पहिल्या पंगतीचं वाढप चालू होतं. वेटर रांगेत, झाकणं घातलेल्या थाळ्या एकावर एक रचलेल्या, आणि रांगेच्या तोंडाशी एक तरुण मुलगा फक्त थाळीची कड पुसत होता. ओला फडका, उजव्या हातानं एक गोल, पुढची थाळी. ओला फडका, एक गोल, पुढची थाळी. मी तिथं उभी होते तेवढ्यात त्यानं साठ-सत्तर थाळ्या पुसल्या असतील, आणि एकदाही वर पाहिलं नाही. ज्याला डायनिंग रूममध्ये ती थाळी मिळाली त्याला या हाताचा पत्ता नाही. मला आहे.

मग टेबल. इथं मात्र आमचं गणित चुकलं.

पहिला पदार्थ स्कॅलप, म्हणजे शिंपल्यातला मऊ गर, लोण्यात परतलेला. माझा उत्तम होता. यजमानांना बीट आणि चीज. ठीक. दुसरा रिझोटो, इटालियन पद्धतीचा ओलसर भात, वर मश्रूम. तो सगळ्यांना एकच आला. यजमानांनी चमचा उचलला आणि मला वास आला. सत्तावीस वर्षं वासावर काढलीत मी. शेफला हळूच विचारलं, "भात कशात शिजवलाय?" तो क्षणभर थांबला, स्वतः ताट उचललं आणि म्हणाला, "चिकन स्टॉकमध्ये. माफ करा." स्टॉक म्हणजे इथं कोंबडी उकळून काढलेलं पाणी. खोटं बोलला नाही, याचं मला मोल आहे. पण आम्ही लिहून दिलेलं भटारखान्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मुख्य पदार्थ बीफ आणि लॉबस्टर. मला बीफच्या जागी हॅलिबट हा अलास्काचा मासा दिला, अगदी ताजा, सुरेख. यजमानांच्या पानात उकडलेल्या भाज्या. शेवटी गोडाला पानाकोटा, म्हणजे सायीचं थरथरणारं इटालियन गोड. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेलं, म्हणून तेही परत. तो माणूस अडीच तास त्या टेबलावर बसला आणि बीट नि उकडलेल्या भाज्या खाऊन उठला. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण हौस माझी होती.

आणि पाच पदार्थांबरोबर पाच वाइन आल्या. आमच्या दोघांसमोर पाण्याचे ग्लास. पैसे तेवढेच. शेजारचं कॅनडाचं जोडपं वाइनचं शौकीन होतं, त्यांनी तेवढ्यावरच पैसे वसूल केले असणार.

म्हणून शाकाहारी मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. 'व्हेज' एवढा एक शब्द लिहून थांबू नका. स्टॉक कशाचा, जिलेटिन आहे का, सॉसमध्ये अँचोव्ही मासा आहे का, हे एकेक विचारा. आणि विचारायचं ते अ‍ॅपवर नाही, तर जहाजावर चढल्या दिवशी डायनिंग रूमच्या हेडवेटरला, समोरासमोर. मेन्यू बदलून मिळणार नसेल तर तो स्पष्ट सांगतो. काही जहाजांवर नाहीच मिळत. मग शाकाहारी माणसानं तिथं जाऊच नये. गंमत अशी, की बऱ्याच मोठ्या जहाजांच्या डायनिंग रूममध्ये रोज एखादी भारतीय शाकाहारी भाजी असते, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ-भातसुद्धा होतो. एक पैसा जादा न देता. दुसऱ्या दिवशी यजमानांनी ती डाळ दोनदा मागून घेतली.

ती डाळ कुणी केली, हे मला शेफ्स टेबलामुळेच कळलं. भटारखान्याच्या फेरीत एक सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा, माझ्याकडे बघत होता. मी यजमानांशी मराठीत बोलताना त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही मुंबईच्या?" मुलगा बाणावलीचा, गोव्याचा. त्याचा शापाय, म्हणजे आजोबा, पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटीवर पँट्रीत होता. गोव्याच्या गावागावांतून असे तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, मुंबईला यायचे, बोट मिळेपर्यंत धोबीतलावला आपल्या गावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे त्या गावच्या लोकांची मुक्कामाची जागा. भिंतीला लावून ट्रंका, एका कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचं. त्या आजोबांनी आयुष्यभर साहेबांच्या टेबलावर वाढलं, आणि नातू आता त्या टेबलाचं जेवण शिजवतो. कोकणातले खलाशी डेकवर असायचे, त्यांच्या आचाऱ्याला बोटीच्या भाषेत 'भंडारी' म्हणायचे. हे सगळं त्या मुलानं मला दोन मिनिटांत, चटणीसारखा बारीक कांदा चिरता चिरता सांगितलं. मी विचारलं, घरी कधी जातोस? म्हणाला, "कंत्राट संपलं की. नाताळ चुकतोच बहुतेक."

तर भाचीचा प्रश्न. पैसे वसूल होतात का?

तुम्ही मांसाहारी आहात, वाइन घेता, आणि स्वयंपाकात तुम्हाला रस आहे, तर सात रात्रींच्या प्रवासात एकदा जरूर जा. यातल्या दोनच गोष्टी जुळत असतील तर विचार करा. एकच असेल तर पैसे ठेवा. भूक हे कारण धरू नका, पोट तर डायनिंग रूममध्येही भरतं. शेफच्या भोवती ही संध्याकाळ फिरते, म्हणून आधी विचारा, की शेफ टेबलावर किती वेळ असतो. काही ठिकाणी तो दोन मिनिटं येऊन फोटो काढून जातो आणि बाकी सगळं वाइनवाला सांभाळतो. आणि भटारखान्यात नेणार आहेत का, हेही विचारा. नेणार नसतील तर माझ्या मते त्यात राम नाही. काही जहाजांवर पूर्ण दिवस समुद्रात असतो तेव्हा भटारखान्याची फेरी फुकट ठेवतात. ती असेल तर आधी ती करा, मग ठरवा.

रात्र कुठली निवडावी? ज्या रात्री सगळे नटूनथटून जेवायला बसतात ती सोडा. त्या रात्री डायनिंग रूममध्ये बहुधा लॉबस्टर असतो, तो तिकिटातच आलेला. दिवसभर बंदरात भटकून पाय दुखत असतील ती रात्रही नको, अडीच तास ताठ बसावं लागतं. सेवेचा आकार, जो पुष्कळदा अठरा टक्के असतो, किमतीत धरलाय का वर लागणार, हे बघून घ्या. आणि रद्द करायचं झालं तर शेवटची मुदत कधी, तेही.

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या थोड्या रात्रींच्या सहलीत मी असं जेवण घेणार नाही. तेवढ्या वेळात जहाजच धड बघून होत नाही. शिवाय तिथं आपल्या चवीचं जेवण, अगदी जैनसुद्धा, सहज मिळतं.

आता तुम्ही म्हणाल, यजमान उपाशी, वाइन वाया, एकोणीस हजार गेले, मग मी पुन्हा का जाईन म्हणते? कारण मी एकटी जाईन. नवरा-बायकोनं सगळं जोडीनंच करायला हवं असं थोडंच आहे? साडेनऊ हजारांत मला एका मोठ्या भटारखान्याचं काळीज बघायला मिळालं. माझ्या जन्माच्या धंद्यातली माणसं, जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या डोंगरांच्या मधून जाणाऱ्या जहाजाच्या पोटात, तेच काम करताना दिसली. ज्याला यात काही वाटत नाही, त्याला हे पैसे जड जातील, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

भाचीनं मग नवऱ्याची जागा रद्द केली आणि आपली ठेवली. तो त्या रात्री डायनिंग रूममध्ये जेवणार आहे. काल पुन्हा फोन केला तिनं. "मावशी, शेफ समोर आला की त्याला विचारू काय?"

मी म्हटलं, सगळ्यांत आधी विचार, पाव कोण भाजतं. बेकरीची पाळी रात्रीची असते. सगळं जहाज झोपलेलं असतं तेव्हा ती माणसं कणीक मळत असतात, आणि पाहुणे जेवायला बसतात तेव्हा ती झोपलेली असतात. त्यांची भेट कुणालाच होत नाही. निदान नाव विचारून ये.

नमस्कार.