चक ढिली केल्यावर

ही रिंग बघा. अॅल्युमिनियमची, भिंत जेमतेम २ मिलिमीटर. मोजणीच्या दुर्बिणीत भिंग धरायचं हिचं काम. आत्ता ती लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीच्या तीन जबड्यांत आहे. आत टेकवलेल्या डायलची सुई हलत नाहीये, म्हणजे बोअर, आतलं भोक, गोल.

आता चक ढिली केली.

(निवेदन नाही. सुई दिसू द्या.)

तीन जागी उठाव, तीन जागी खळगा. बोअर गोल कापलं ते रिंग जबड्यांत दाबलेली असताना; ती सुटली आणि मूळ आकाराकडे परतली. दोन टोकांचं बोअर गेज इथं फसतं, कारण प्रत्येक उठावासमोर खळगाच येतो आणि व्यास सगळीकडे सारखा भरतो. म्हणून रिंग फिरवून डायलनं बघायची.

बेळगावची ही उद्यमबाग. इथल्या फाउंड्र्यांचं, हायड्रॉलिक्सचं नाव सगळे घेतात. टूलरूमचं, म्हणजे कामाची हत्यारं आणि पकडी जिथं घडतात त्या खोलीचं, घेत नाहीत. घ्यायला हवं.

खानापूरहून इंटर्नशिपला येणाऱ्या या मुलीला काम मिळालं, या रिंगसाठी फिक्स्चर, म्हणजे मशीनवर तिला धरून ठेवणारी बैठक, करायचं. वहीतलं हे पहिलं चित्र. बाजूनं दाबायचंच नाही, असं तिनं ठरवलं. खाली तीन पॅड, ग्राइंड करून एका पातळीत आणलेले. तीनच का? तिपाई कधी डुगडुगत नाही. चौथा पॅड आला की एखादा केसभर खाली राहणार, आणि वरून आवळलं की रिंग नेमकी तिथं वाकणार. म्हणून क्लॅम्पसुद्धा बरोबर पॅडच्या डोक्यावर. रिंग मधोमध बसावी म्हणून बाहेरून एक खांदा. तो फक्त जागा दाखवतो, दाबत नाही.

मशीनवरच्या मामांनी ड्रॉइंग हातात घेतलं आणि आधी एकच विचारलं, "चिप कुठं जाणार बाळ?"

चिप म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस. खांद्याच्या कोपऱ्यात ती अडकली की रिंग तिरकी बसते. ही जी खाच दिसतेय, ती त्या प्रश्नानंतर आली.

आणखी एक. १०० मिलिमीटर व्यासाची अॅल्युमिनियमची रिंग १० अंशांनी तापली की २३ मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या २३ हजारांश भागानं, वाढते. म्हणून मशीनवरून उतरवलेली रिंग आधी ग्रॅनाइटवर निवत ठेवलीय. लगेच कुणी मोजत नाही.

रिंग वाकडी गेली तर भिंग ताणात येतं, दुर्बिणीतलं चित्र बिघडतं.

नव्या फिक्स्चरवरची ही पहिली रिंग. क्लॅम्प सोडतायत मामा. डायल मुलगी लावतेय.

(निवेदन नाही. आधी सुई, मग दोघांचे चेहरे.)

मामांनी ब्रश उचललाय. पुढची रिंग बसवण्याआधी तिन्ही पॅड पुसून घेतायत.