मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरच्या वेळा

श्रोतेहो, नमस्कार. लेक किंवा मुलगा अमेरिकेत आहे आणि आपण पहिल्यांदाच तिकडं निघालोय, अशा आईवडिलांशी आज मला मुद्दाम बोलायचंय.

तिकीट हातात येतं. समजा त्यावर आहे, मुंबईहून १२ जानेवारीला रात्री १.३० आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७. वाटतं, साडेपाच तासांचा तर प्रवास! पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. ते साडेदहा तास मिळवले की विमानातले खरे १६ तास हाती येतात.

आणि तारीख नीट बघा. १२ तारखेचे रात्रीचे दीड म्हणजे ११ तारखेची रात्र. जेवून, ११ तारखेलाच घराबाहेर पडायचं, कारण विमानतळावर तीन तास आधी पोचायचं असतं. सातारा-कोल्हापूरहून येणाऱ्यांचा तर दिवस दुपारीच सुरू होतो.

एवढे तास का लागतात? सरळ हवाई अंतरच सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं. पण नातवंडांच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, नॉर्वे असा वर चढतो, आइसलँडवरून वळतो आणि कॅनडातून खाली उतरतो. सगळ्यांत जवळची वाट ती. मात्र विमानाला ती मिळेलच असं नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. वळसा आला की वेळही वाढतो. म्हणून तिकीट काढतानाच विचारा, एकूण तास किती, मध्ये कुठं थांबतं का.

शिवाय वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळं परतीला साधारण १४ तास पुरतात.

माझं कळकळीचं सांगणं औषधांबद्दल आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी किंवा इन्सुलिन कोणत्या घड्याळानं घ्यायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, ती चिठ्ठीसकट जवळच्या पिशवीत ठेवा. विमानात अधूनमधून उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते.

परतीच्या तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढं बारीक अक्षरांत ‘अधिक एक’ असं चिन्ह दिसेल. म्हणजे दुसरा दिवस. न्यूयॉर्कहून सकाळी ११ ला निघालात, तर मुंबईत उतराल दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास. घ्यायला येणाऱ्यांना मुंबईतली तारीखच कळवा.